देवांगचं ‘नको’

मी एक बटण. शर्टाचं नाही, दिव्याचंही नाही. पुरीएवढं, लालभडक, दाबलं की बोलणारं. माझ्या पोटात एकच शब्द भरलाय, ‘नको’. आवाज नीलांबरीचा, देवांगच्या आईचा.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, ते नीटसं आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, नीलांबरीच्या जेवणाच्या टेबलावर. सोबत माझा जुळा भाऊ, हिरवा. त्याच्या पोटात ‘आणखी’.

नीलांबरीचा देवांग चार वर्षांचा. त्याची वाढ सावकाश. ऐकू येतं, पुष्कळ कळतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. काही नकोसं झालं की वाटी भिरकवायची, नाहीतर स्वतःचंच मनगट चावायचं. मनगटावर दातांचे वण पडलेले.

आम्हाला घेऊन आली प्रीता, त्याची स्पीच थेरपिस्ट. जन्म इथलाच, मराठी मोडकं पण गोड. म्हणाली, “आजी, त्यानं प्रेस केलं की लगेच लिसन करायचं हं. दॅट्स हिज वर्ड.”

आजी म्हणजे देवांगच्या बाबांची आई, नागपूरहून आलेल्या. वाढायला हात सढळ. हिरव्याशी त्यांची लगेच गट्टी जमली. देवांगनं ‘आणखी’ दाबलं की वरणभात, वर तूप, वर पापे. मी आपला बाजूला.

मग एका दुपारी देवांगचं पोट भरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मला दाबलं. “नको!” मला कोण आनंद! आणि आजींनी काय करावं? हसत हसत आणखी भात वाढला.

“आई, तो नको म्हणाला ना,” नीलांबरी म्हणाली.

“अगं, नको म्हणायची रीतच असते. आमचे जावई नको नको म्हणत ताटभर जिलब्या खातात. नको ऐकून थांबलो तर माणसं उपाशीच उठायची!”

देवांगनं मला पुन्हा दाबलं. पुन्हा भात. मग त्यानं मला टेबलाखाली ढकललं आणि मनगट तोंडात घातलं.

त्यानंतर त्यानं मला हातच लावला नाही. कशाला लावेल? बोलून उपयोग नाही, हे त्याला कळलं होतं.

प्रीता पुढच्या खेपेला आली. नीलांबरीनं तिला सगळं सांगितलं, पण ती रागावली नाही. देवांगचा वण पडलेला हात तिनं आजींच्या हातात दिला. “आजी, त्याला पोलाइट नको माहीत नाही. त्याचं नको खरंच नको असतं. ते पण ऐकलं नाही, तर तो हेच करणार.”

आजी त्या वणांवरून बोट फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पदरानं पुसलं आणि देवांगच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याचं जेवण झालं. सवयीनं आजींचा भाताचा डाव पुढे आला. देवांगनं आधी आजींकडे पाहिलं, मग मला हळूच दाबलं.

“नको.”

डाव हवेतच थांबला. आजींचं मन मागे होईना, पण त्यांनी हात मागे घेतला. “बरं राजा. नको तर नको.”

देवांग बघतच राहिला. पुन्हा दाबलं. आजींनी पातेलं उचललं. पुन्हा दाबलं. लोणच्याची बरणी गेली. मग चमचा, मग ग्लास. पोरगं खदखदून हसत होतं.

“अरे लबाडा, टेबल तरी ठेवतोस का!” आजी म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

आता माझा रंग कडेनं उडालाय. देवांगच्या मनगटावरचे वणही फिके पडलेत. परवा इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला मला पिशवीतून नेलं होतं. राजेशकाका श्रीखंड वाढायला आले. देवांगनं मला दाबलं. काका हसले, “लाजतोस काय रे? घे!”

आजींनी ताटावर आडवा हात धरला. “राजेश, तो बोललाय. ऐकू आलं नाही का तुला?”

काका वरमले. “सॉरी हं देवांग.” आणि श्रीखंड घेऊन पुढे गेले.

हल्ली मला दाबताना त्याच्या ओठांतून बारीकसं ‘न्न’ निघतं. माझं मागणं एवढंच, अख्खा शब्द फुटेतोवर त्याला मला हवं तेवढं दाबू द्या, आणि दर वेळी ऐका. त्या ‘न्न’ला ‘को’ जोडला गेला, की मग मला खुशाल कपाटात ठेवा.