पातं वाकवणारे सुंदरराव

दोष सुंदररावांचा. त्यांचं वय, त्यांचा फेटा, गावातला त्यांचा मान, सगळं बाजूला ठेवून सांगतो. मी चौसाळ्याच्या बाजारात विकायला आलेला घडीचा चाकू. मोठ्यांसमोर मान खाली घालायचं मला कुणी शिकवलं नाही.

पाशाभाईंनी मला झिजलेल्या कानशीच्या पोलादातून घडवलं. करडईच्या तेलात बुडवून पाणी दिलं, म्हशीच्या शिंगाची मूठ बसवली. शेजारच्या पालात गहिनीनाथ बसायचा. तो बैलगाडीच्या चाकावरच्या जुन्या धावेचं लोखंड ठोकून पातं करी आणि मुठीवर पितळी मोर जडवी. किंमत माझ्या निम्मी. माणूस वाईट नव्हता. पण स्वतःला पेरू खायचा असला की चाकू पाशाभाईंचाच मागायचा.

निजामाचा अंमल हैदराबादेतून चाले, पण चाकूच्या बाबतीत हुकूम गावच्या पाटलांचा, सुंदररावांचा. त्यांनी पारखल्याशिवाय कुणी चाकू घ्यायचा नाही. कधीकाळी हैदराबादेत त्यांनी एका पठाणाची तलवार वाकून परत सरळ झालेली पाहिली होती. वाकली, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं.

पाशाभाईंचा माल दोन हंगाम पडून होता. यंदा खपला नाही तर भट्टी बंद, असं बायकोला, हजराबीला, सांगूनच ते घरातून निघाले होते.

सुंदररावांनी आधी गहिनीनाथचा चाकू बाभळीच्या खुंटात रुतवला आणि दाबला. पातं आकड्यागत वाकलं. त्यांनी ते जोड्याखाली धरून सरळ केलं.

"बघा! मोडला न्हाई. अस्सल हाय."

मग मला उचललं.

"पाटील, आधी कापून तर बघा," पाशाभाई म्हणाले. दाव्याचा तुकडा त्यांनी पुढं धरला. "चाकू हाय त्यो, पहार न्हाई."

"आमाला शिकवतो का बे? तुझा बाप रांगत होता तवापासून चाकू वापरतोय मी."

त्यांनी मला खुंटात रुतवून दाबलं. मी वाकलो नाही, मोडलो; टोक खुंटातच राहिलं. लोक हसले. गहिनीनाथ खाली बघत बसला. पाशाभाईंच्या हातातलं दावं तसंच होतं. अख्ख्या बाजारात एकानंही ते कापून बघितलं नाही.

सुंदररावांनी गहिनीनाथचा मोराचा चाकू विकत घेतला आणि मोडका म्हणून मला फुकट खिशात घातलं. त्यांच्या घरी त्यांच्या पत्नी मुक्ताबाई गेली कित्येक वर्षं माझ्यानंच कांदा चिरतात.

"अवो, तुमचा मोर तर वांगं बी कापंना."

"गप बस. त्यो पाव्हण्यांना दाखवायला हाय."

म्हणजे यांना कळत होतं. कळूनही पुढच्या बाजारी तोच खुंट, तोच दाब.

चाकू घ्याल तेव्हा आधी काहीतरी कापा. निदान एक दोरी. एवढंच माझं मागणं आहे, आणि तेही उशिराच.

हजराबीनं भट्टीचा भाता विकला. पाशाभाई आता जालन्याला दुसऱ्याच्या दुकानात घोड्यांना नाल ठोकतात. चाकू त्यांनी पुन्हा कधी घडवला नाही.