पुरेसा साठा

साहेब तपासणीला येणार असं कळलं, तेव्हा थोरलीच्या दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटात मलमाच्या दोन ट्यूब उरल्या होत्या. गोळ्यांची मागणी तिने चार वेळा पाठवली होती, तरी रिकामं कपाट दाखवायची तिलाच लाज वाटली. शेजारच्या गावी तिची धाकटी बहीण असाच सरकारी दवाखाना सांभाळायची. थोरलीने तिचा सगळा साठा, चार खोकी, उसना आणला. साहेब धाकटीकडे दुसऱ्या दिवशी जाणार होते, तोवर परत करायची बोली होती.

नीट मांडलेलं कपाट पाहून साहेब खूश झाले. "बाहेर एवढी माणसं ताटकळलीत. माझ्यासमोर औषधं वाटा बघू," ते म्हणाले. थोरलीला नाही म्हणता येईना. दोन तासांत खोकी रिकामी झाली. वहीत 'साठा पुरेसा' असा शेरा मारून साहेब गेले.

संध्याकाळी थोरलीने फोनवर सगळं सांगितलं.

"ताई, मग उद्या मी त्यांना काय दाखवू, तुझं तोंड?" धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धाकटीने मान खाली घालून रिकामं कपाट उघडलं. साहेब हादरले आणि त्यांनी तिथूनच वर फोन लावला. आठवड्याभरात तिच्या दारात औषधांची गाडी आली. थोरलीची पाचवी मागणी मात्र साहेबांच्या शेऱ्यावर बोट ठेवून परत आली.

ती पुन्हा धाकटीकडे गेली. धाकटीने दोन खोकी पुढे सरकवली.

"ने. पण ताई, वाटून टाक, मांडून ठेवू नकोस."