पहिलं बोट

मधल्या खोलीच्या दाराशी वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला तांदळाचा डबा गिरिधरने दोन्ही हातांनी ओढून बाजूला केला आणि आत जाऊन दार लावलं. त्याची पाठ वळते न वळते तोच बाहेरून वडिलांचा आवाज आला.

“काय जाहलं रे? दार काय म्हणून लावलास?”

“हँडल नीट बसतंय का बघतोय, अप्पा.”

“मग उघडं ठेवून बघ. लावून काय बघायचं?”

गिरिधर बिनकिल्लीची हँडलं बनवत असे, तीही घराच्या आतल्या दारांसाठी. बोट टेकवलं की हिरवा दिवा लागायचा आणि दार उघडायचं. आडुतुरै गावात त्याची एक लहानशी शेड होती. चेन्नईच्या एका बिल्डरचे खरेदीप्रमुख चंद्रमौली यांना नमुना आवडला होता, पण ते म्हणाले होते की आधी एखाद्या साध्या घरात महिनाभर वापरून दाखवा, मग मी येऊन बघतो. जमलं तर एका अख्ख्या इमारतीची ऑर्डर मिळणार होती. नाही जमलं, तर शेडला टाळं ठोकून पुन्हा होसूरच्या कारखान्यात नोकरी मागायला जायचं, हे गिरिधरला पक्कं ठाऊक होतं. साधं घर म्हणून त्याने कुंभकोणमचं आपलंच घर, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी कुटुंबाचं, निवडलं आणि तिथेच फसला.

कारण या घरात आतलं दार कधी कोणी लावतच नसे. एका दारामागे कॅलेंडर आणि छत्र्या. दुसऱ्यावर वडिलांची नेसायची वेष्टी धुऊन वाळत टाकलेली. तिसऱ्याला तांदळाचा डबा. बाहेरचं दार चोरांसाठी लावतात, आतलं कोणासाठी लावायचं, असं बँकेतून निवृत्त झालेल्या त्याच्या वडिलांनी, वैद्यनाथरावांनी, विचारलंही होतं.

तरी मुलाचं काम म्हणून त्यांनी राहुकाळ टाळून वेळ काढून दिली. गिरिधरच्या आईने, त्रिपुरसुंदरीबाईंनी, तिन्ही हँडलांना हळदकुंकू लावलं.

“पहिलं बोट अम्माचंच पाहिजे,” वैद्यनाथराव म्हणाले. “घरची सवाष्ण ती.”

“अप्पा, पहिलं बोट ज्याचं, त्याला हँडल मालक धरतं. बाकीची बोटं मग त्यालाच घालता येतात, काढता येतात.”

“मग बरोबरच अहे.”

त्रिपुरसुंदरीबाईंनी पदराला हात पुसून बोट टेकवलं. मग बोटं घालायची कशी आणि काढायची कशी, हे मुलाकडून दोनदा समजावून घेतलं आणि नवऱ्याचं व मुलाचं बोट घातलं. गिरिधरला बरं वाटलं. आईने त्याच्या कामात एवढा रस पूर्वी कधी घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून वैद्यनाथरावांनी कर्तव्य म्हणून वापर सुरू केला. सकाळची कॉफी झाली की ते एकेका दारापाशी जात, लावत, उघडत आणि “जाहलं” म्हणून पुढच्या दाराकडे वळत.

“अप्पा, याला वापर म्हणत नाहीत. गरज असली म्हणून दार लावायचं, तो वापर.”

“गरजच नाही तर काय करू पा?” वैद्यनाथराव दुखावून म्हणाले.

एका दुपारी गिरिधर जेवायला आला तर मधल्या खोलीचं दार लावलेलं होतं. बाहेर वैद्यनाथराव हातात चष्मा धरून उभे होते.

“तुझी अम्मा आत अहे,” ते हळू आवाजात म्हणाले.

“काय करतेय?”

“काही नाही म्हणते. दोनदा उघडून बघितलों. खुर्चीवर पाय घेऊन बसली अहे. बरं नाही का, विचारलों. बरं अहे म्हणाली. बसायला इकडे जागा नाही का रे?”

एकटीने काहीही न करता बसणं हे वैद्यनाथरावांना आजारापेक्षा भयंकर वाटत होतं. गिरिधरला मात्र आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. घरात खरंखुरं गिऱ्हाईक निघालं होतं. त्याने लगेच बोट टेकवून दार उघडलं.

“अम्मा, कसं वाटतंय हँडल? उघडताना आवाज जास्त होतो का?”

त्रिपुरसुंदरीबाईंनी खुर्चीवरचे पाय न हलवता दाराकडे बोट केलं.

“दार लाव,” त्या म्हणाल्या.

मग रोजचंच झालं. जेवणानंतर त्या आत जाऊन बसत. थोड्या वेळाने वैद्यनाथराव पंचा कुठे आहे ते विचारायला दार उघडत, मग पंचा सापडला हे सांगायला. गिरिधर बॅटरी बघायला उघडे. एकदाही दार अडलं नाही. हँडल उत्तम होतं, येईल त्याला आत सोडत होतं, आणि आपण नेमकं काय बनवलंय हे बनवणाऱ्याच्या अजून लक्षात यायचं होतं.

चंद्रमौली आले ते अशाच एका दुपारी. त्यांनी कॉफीचा टंबलर हातात घेऊनच पहिली दोन दारं बघितली.

“चांगली आहेत,” ते तमिळमध्ये म्हणाले. “पण घरातले लोक लावतात का ही दारं?”

“माझी आई रोज लावते,” असं म्हणून गिरिधरने ऐटीत मधल्या हँडलवर बोट टेकवलं.

लाल दिवा लागला. त्याने बोट शर्टाला पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल.

“सरक,” वैद्यनाथराव म्हणाले आणि त्यांनी आपलं बोट टेकवलं. त्यांनाही लालच.

गिरिधरला होसूरच्या कारखान्याचं फाटक दिसायला लागलं. चंद्रमौलींनी टंबलर खाली ठेवला.

“बिघडलं?”

“बॅटरी असेल, सर...”

“काही बिघडलं नाही,” आतून त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या. “तुम्हा दोघांची बोटं मी काढून टाकले. थोडा वेळ बसू द्या मला.”

“काय म्हणतात?” चंद्रमौलींना मराठी कळत नव्हतं.

बॅटरीवर ढकलून द्यायला ही नामी संधी होती. गिरिधर तसं सांगणारही होता, पण आई आत बसायला लागल्यापासून आपण किती वेळा हे दार उघडलं ते त्याला आठवलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

“म्हणतात की आमची बोटं त्यांनी काढून टाकली,” तो तमिळमध्ये म्हणाला. “आता हे त्यांच्या एकटीसाठी उघडतं.”

चंद्रमौलींनी हँडल दाबून बघितलं. दाराला खांदा लावून बघितला. दार हललं नाही.

“माझी बायको एकदा म्हणाली होती, मागच्या खोलीला आतून कडी बसवून द्या,” ते म्हणाले. “मी विचारलं, कशाला? नंतर तिने तो विषय काढला नाही.”

त्यांनी टंबलर उचलून उरलेली कॉफी संपवली.

“इमारतीसाठी हेच पाठवा. आणि एक आधी माझ्या घरी.”

गिरिधर त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला. वैद्यनाथराव मधल्या दारापाशीच उभे राहिले. ऑर्डर मिळाल्याची बातमी त्यांना आत सांगायची होती. त्यांनी सवयीने बोट पुढे केलं, लाल दिव्याकडे बघितलं आणि मागे घेतलं. मग बँकेत मोठ्या साहेबांच्या केबिनवर करत तसं, बोट वाकवून त्यांनी दारावर हलकेच टकटक केली.

“कोण?” आतून आवाज आला.

हे तिने त्यांना कधी विचारलं नव्हतं. वैद्यनाथरावांनी घसा साफ केला.

“मी,” ते म्हणाले. तेवढं पुरेसं नसावं असं वाटून पुन्हा म्हणाले, “वैद्यनाथ. सवड असली तर येऊ का?”