उंबरमाळीची उजळती पिंडी

चैत्रातल्या भर दुपारी उंबरमाळीला बाबाच्या झोपडीपुढे माणसांची रीघ लागली होती. आत पिंडी उजळते, आणि तिचं तीर्थ पिणारीचा गर्भ टिकतो, असा बोभाटा. मला त्या गर्दीत धड उभं राहवेना. रांगेत माझी बहीण सुंदरा होती. तिची दोन बाळंतपणं वाया गेलेली, आता पाचवा महिना, आणि सासू धोंडूबाई तिला रोज तीर्थ पाजत होती. म्हणूनच डोळखांबच्या शाळेला सुट्टी देऊन मी शहापूरच्या गुप्ते डॉक्टरांना ओढून आणलं होतं.

"धोंडूबाई, पावसाळ्यात सिद्धगडच्या रानात कुजकी लाकडंही चमकतात ना?" मी विचारलं.

"मास्तर, ती आमी बी बगितल्यात. लाकूड सुकलं का विझतं. ही पिंडी कोरडी खडखडीत, तरी उजेड! मंग देव नाय तर काय?"

रान ओळखणारी बाई फसली ती इथेच. ओल्या उजेडाची तिला सवय होती. कोरडा उजेड दिसला आणि तिनं सरळ हात जोडले.

सुंदराबरोबर आम्ही आत शिरलो. दार लोटून बाबा बसला होता. जबड्याला भगवं फडकं, बोलणं बोबडं, तरी तोंडाचा पट्टा चालूच. "बाळांनो, या पिंडीत चंद्र कोंडलाय! ग्रहणात उपाशी राहून धरलाय मी त्याला! डागदराची बाटली फोडा, चंद्राचं दूध प्या!" चंद्र कोंडायला याला उंबरमाळीच सापडली! पिंडी सहाणेवर उगाळून ते पाणी तो बायकांच्या ओंजळीत घालत होता.

अंधारात पिंडी खरोखरच हिरवट उजळत होती. सुंदरानं ओंजळ पुढे केली. डॉक्टरांनी तिच्यावर आडवा हात धरला. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाचे आकडे तशाच हिरवट उजेडानं चमकत होते.

"हा माझा देव. कल्याणच्या दुकानात मिळतो."

कुणीतरी फिसकन हसलं.

"हा रेडियमचा रंग," डॉक्टर म्हणाले. "रेडियमचा कण आपसूक फुटत असतो. त्या माऱ्यानं त्यात मिसळलेला जस्ताचा क्षार चमकतो. ऊन नको, तेल नको. मुंबईत याच रेडियमनं गाठी जाळतात, पण तोलूनमापून. हे चुन्याच्या भावकीतलं. पोटात गेलं की शरीर चुना समजून हाडांत ठेवून घेतं, आणि तिथंही ते फुटतच राहतं. हाड सडतं."

मग ते बाबाकडे वळले. "घड्याळांचे आकडे रंगवायचास ना? कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचास?"

बाबाचा हात जबड्याच्या फडक्यावर गेला. धोंडूबाईनंच पुढे होऊन फडकं ओढलं. खाली दात नव्हते. हिरडीतून हाड दिसत होतं.

"शेठ बोलायचा, काय होत नाय," बाबा पुटपुटला. "कामावरनं काढला तवा रंगाची डबी उचलली. नदीतला गोटा रंगवला."

"मंग तुजा चंद्र तुजंच तोंड का बरं करंना रे?" धोंडूबाई किंचाळली. आता कुणी हसलं नाही.

सुंदरानं माझा हात घट्ट धरला. "दादा, पिलेलं भाईर निघंल ना?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. "बरंचसं निघेल, पोरी," ते म्हणाले. "थोडं राहील."

वाचकहो, बाबाचा मला राग आला, पण त्याहून जास्त चीड आली ती आपल्या सगळ्यांची. पिंडीला साऱ्या गावानं हात जोडले. बाबाचं तोंड का बांधलंय, हे एकानंही विचारलं नाही. उजेड कशाचा ते कळलं नाही, तर कळलं नाही म्हणा. विचारा, तपासा, पण ओंजळ पुढे करू नका.

सुंदराला आता सातवा लागलाय. भेटतो तेव्हा ती मला तेच विचारते, "दादा, निघंल ना?"