वाया घालवलेला टाइमआउट

शनिवारी सकाळी लॉरेटाच्या हॉटेलात बसायला जागा मिळत नाही, आणि टिल्टन फेरी गावच्या शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आदल्या रात्री जिंकलेला असला तर उभं राहायलाही मिळत नाही. पोलादाची भट्टी विझून तीस वर्षं झाली, निम्मं गाव कोलंबसला निघून गेलं, शाळेत आता धड चारशे पोरंही उरलेली नाहीत. पण सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही. नदीपल्याडच्या माउंट कॅरोला हरवलं की सगळं गाव आठवडाभर छाती काढून चालतं, आणि आज तर तोंड धुवायच्या आधीपासूनच चालत होतं.

खिडकीजवळचं गोल टेबल साखळीवाल्यांचं. चेंडू दहा यार्ड पुढे सरकला की नाही हे मोजायची साखळी घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहणारी ही गावातलीच माणसं. पगार नाही, मान मोठा. कितवा डाव चालू आहे त्याचा आकडा दाखवणारी काठी एमिल हुडॅक अडतीस वर्षं धरत होता. साखळीवाल्यांचा कायदा सोपा होता. टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, खेळाडूंशी बोलायचं नाही. आणि उभं राहायचं ते पाहुण्या संघाच्या बाकाला लागून, म्हणून तिथं जे कानावर पडेल ते तिथंच सोडून घरी यायचं. हा कायदा एमिलनं एकदाही मोडला नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

आज मात्र टेबलावरचा नवरदेव वेगळाच होता. ग्लेन प्रॉसर. तो साखळीवाला नव्हता, पण एमिल आणि तो एकाच भट्टीवर बावीस वर्षं घाम गाळलेले, म्हणून त्याची खुर्ची तिथं ठरलेली. त्याचा नातू ट्रॉय, चौपन्न नंबरचा, त्यानं काल शेवटच्या क्षणी माउंट कॅरोच्या गड्याला गोलरेषेपासून दोन यार्डांवर आडवा केला होता. येणारा-जाणारा ग्लेनच्या पाठीवर थाप मारत होता, आणि लॉरेटानं त्याच्या अंड्यांचे पैसे घ्यायचे नाहीत असं जाहीर करून टाकलं होतं.

"ट्रॉयनं अडवलं ते खरंच," साल डिमार्को म्हणाला. साल साखळीवाल्यांचा म्होरक्या. "पण अर्धी मदत त्यांच्या त्या व्हुकोविचची. घड्याळ थांबवायचे तीन टाइमआउट मिळतात, त्यातला शेवटचा कोणी असा उधळतं का?"

"सतरा वर्षांचा घोडा झालाय," ग्लेन म्हणाला, "आणि तीनपर्यंत मोजता येत नाही."

"अरे, घड्याळ थांबलेलंच होतं. दहा यार्ड होऊन नवा पहिला डाव मिळाला की साखळी हलेपर्यंत घड्याळ थांबतं, हे माझ्या नातीला कळतं. नऊ वर्षांची आहे ती."

"तिला पाठव पलीकडे. क्वार्टरबॅक हवाच आहे त्यांना."

सगळे हसले. कॉफी ओतता ओतता लॉरेटा म्हणाली, "काही म्हणा, हात सोन्याचा आहे पोराचा."

"हाताचं काय घेऊन बसलीस," साल म्हणाला. "क्वार्टरबॅक म्हणजे डाव चालवणारा, घरातला कर्ता माणूस. बाकीच्यांचे पाय लटपटले तरी त्यानं डोकं शाबूत ठेवायचं. एकतीस सेकंद उरलेत, चार गुण हवेत, नऊ यार्ड जायचंय. अशा वेळी शेवटचा टाइमआउट जीव की प्राण. याला पोचच नाही. तोच टाइमआउट हातात असता तर दोन यार्डांवरून अजून एक डाव मिळाला असता त्यांना, आणि आज आपण इथं तोंड पाडून बसलो असतो."

"आणि रेडिओवर काय म्हणाला ऐकलंस ना?" ग्लेननं आवाज बारीक केला. "'चूक माझी. मोजण्यात गडबड झाली.' बाळ रे बाळ."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असा सगळा प्रकार. एमिल त्यात नव्हता. तो टॉमीच्या पॅनकेकचे तुकडे करत होता.

टॉमी त्याचा मुलगा. वय बावन्न. खांदे अजून दाराएवढे रुंद, पण शर्टाची बटणं सकाळी बाप लावून देतो. टॉमीला माणसं आठवतात, दिवस आठवत नाहीत. मंगळवारी सांगितलेलं बुधवारी त्याच्यापाशी नसतं. काही दिवशी डोकं इतकं ठणकतं की एमिल खिडक्यांना घोंगड्या लावून त्याच्याजवळ अंधारात बसतो. हॉटेलातले सगळे टॉमीशी मायेनं वागतात, लॉरेटा त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं पाक ओतते. तो असा का झाला याबद्दल मात्र कोणी अक्षर काढत नाही. सगळ्यांनी पाहिलं होतं, म्हणूनच काढत नाहीत.

एमिलला काल रात्रीचं सगळं लख्ख आठवत होतं. नऊ यार्डांवर त्यानं काठी रोवली, आकडा एकवर फिरवला, आणि वर बघतो तर व्हुकोविचनं पंचाकडे टाइमआउट मागितलेला. मग तो पंचाच्या कानाशी लागून काहीतरी बोलला आणि पळत आपल्या बाकाकडे आला. त्याचा प्रशिक्षक त्याच्यावर धावूनच गेला. एमिल तीन हातांवर उभा होता.

"सर, त्यांचा चौपन्न नंबर बरा नाही," पोरगं धापा टाकत म्हणालं होतं. "मागच्या डावात डोकं आपटलं त्याचं. उठला तो आमच्याच घोळक्यात येऊन उभा राहिला. मला विचारतो, सामन्याचा कितवा क्वार्टर चालू आहे. नजर ठरत नाहीये त्याची. मी पंचांना सांगितलंय."

"तो त्यांचा प्रश्न आहे. तू आपला शेवटचा टाइमआउट घालवलास."

"सर, घड्याळ परत सुरू झालं असतं तर त्याला बघायला कोणाला वेळच मिळाला नसता."

पंच खरंच पलीकडे गेला होता. टिल्टन फेरीच्या प्रशिक्षकानं हात झटकले, पायात गोळा आलाय म्हणाला, आणि ट्रॉयच्या शिरस्त्राणावर चापट मारून त्याला परत आत ढकललं. सामना संपला. मग रेडिओवाल्यानं माइक पुढे केला तेव्हा त्या पोरानं दुसऱ्या गावच्या पोराचं नाव घेतलं नाही. चूक माझी, एवढंच म्हणालं. आणि हे इथं त्याला बाळ म्हणतायत. एमिलचा घास तोंडात फिरत होता.

तरीही तो बोलला नसता. कायदा तो कायदा. शिवाय पुढच्या शुक्रवारी उपांत्य सामना, आणि ट्रॉयला बघायला दोन कॉलेजांची माणसं येणार, हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. ट्रॉयची आई क्लीव्हलंडला दोन नोकऱ्या करते, पोरगं आजोबांकडे वाढलेलं. खेळाच्या जोरावर फुकट शिक्षण मिळालं तर गावाबाहेर पडणार, नाहीतर नाही. डोक्याला मार लागल्याची नोंद झाली की शुक्रवार गेला. आपल्या एका वाक्यानं मित्राच्या नातवाचं नशीब फिरेल, हे एमिलला कळत होतं.

"आहे कुठे आपला वाघ?" लॉरेटानं विचारलं. "आणायचास की."

"झोपलाय," ग्लेन म्हणाला. "उठवलं नाही मी. रात्री दोनदा ओकला. एवढा दमला होता बिचारा. म्हटलं, झोपू दे."

एमिलनं काटा खाली ठेवला.

"त्याला उठव, ग्लेन."

"का?"

"व्हुकोविचला मोजता येतं," एमिल म्हणाला. "त्यानं टाइमआउट घेतला तो ट्रॉयसाठी. ट्रॉय त्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला होता. त्यानं त्या पोराला कितवा क्वार्टर ते विचारलं. मी ऐकलंय."

शेजारच्या दोन टेबलांवरच्या माना वळल्या. साल हळूच म्हणाला, "एमिल, आपण कडेला ऐकलेलं बोलत नाही."

"माहीत आहे."

"अडतीस वर्षं—"

"माहीत आहे, साल. शुक्रवारी काठी धरायला दुसरा कोणी बघ."

ग्लेनचा चेहरा लाल झाला होता. "तू नदीपल्याडच्या पोराचं ऐकून माझ्या नातवाच्या पोटावर पाय देणार? गोळा आला होता त्याच्या पायात. प्रशिक्षकानं सांगितलं. तू काय डॉक्टर लागून गेलास?"

"नाही. मी टॉमीचा बाप आहे."

हे नाव या विषयात पस्तीस वर्षांत कोणी घेतलं नव्हतं. टॉमीनं स्वतःचं नाव ऐकून मान वर केली आणि बापाकडे बघून हसला.

"काठी माझ्याच हातात होती," एमिल म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अठ्ठ्याऐंशी साली. हा माझ्यापासून दहा पावलांवर होता. डोकं आपटून उठला आणि भलत्या दिशेला चालायला लागला. लोक हसले. मी ओळखलं. बाप आहे, ओळखणार नाही? पण साखळीवाल्यानं बोलायचं नसतं, आणि चार मिनिटं उरली होती, आणि आपण पुढे होतो. म्हणून मी आकडा फिरवला आणि गप्प उभा राहिलो. पुढच्या डावात त्याला दुसरा मार बसला. घरी आल्यावर याची आई इरीन म्हणाली, दमलाय, झोपू दे. मी म्हटलं, झोपू दे. जिंकलो होतो ना आपण, ग्लेन. तूच मला खांद्यावर उचललं होतंस."

ग्लेननं टोपी काढून टेबलावर ठेवली, परत उचलली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण ग्लेनकडे बघून वाटलं, याला काल रात्रीपासूनच कळलं असावं. सकाळपासून तो त्या पोराला एवढ्या जोरात हसत होता तो उगीच नव्हे.

"रात्री मला विचारत होता, आजी कुठेय," ग्लेन शेवटी म्हणाला. "मार्चमध्ये तिला पुरलं आम्ही. त्यानंच खांदा दिला. म्हटलं, झोपेत बडबडतोय." मग त्यानं टोपी डोक्यावर घातली. "मी तिसऱ्या ओळीत बसलो होतो, एमिल. मलाही दिसलं तो कुठे उभा राहिला ते. सगळे ओरडत होते. मीपण ओरडत होतो."

"चल," एमिल म्हणाला.

लॉरेटा टॉमीच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. "याला मी बघते, तुम्ही जा," ती म्हणाली.

ग्लेनच्या घरी ट्रॉय एका हाकेत उठला नाही, दुसऱ्याही नाही. तिसऱ्या हाकेला त्यानं डोळे उघडले आणि उजेडानं लगेच मिटले. दोघा म्हाताऱ्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून पायऱ्या उतरवल्या. गाडीत त्यानं आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि विचारलं, आज शाळा आहे का. ग्लेन म्हणाला, नाही, बाळा.

इस्पितळात अडीच तास गेले. मेंदूवर थोडं रक्त साकळलं होतं. कदाचित कापावं लागणार नाही, लक्ष ठेवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. संध्याकाळपर्यंत झोपूच दिलं असतं तर, एवढं बोलून तिनं वाक्य अर्धवट सोडलं. दुसरं वाक्य मात्र तिनं पुरं केलं. या मुलानं यापुढे कधीच खेळायचं नाही. शुक्रवारी नाही, कॉलेजात नाही, कधीच नाही.

दुपारी साल आला. आल्यावर एमिलशी एक शब्द बोलला नाही, रागातच होता. पण नदीपल्याडच्या साखळीवाल्यांच्या म्होरक्याला फोन करून व्हुकोविचच्या घरचा नंबर त्यानं कागदावर लिहून आणला होता. तो त्यानं ग्लेनच्या हातात ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

ग्लेननं बाकावर बसूनच फोन लावला. पलीकडून त्या पोरानंच उचलला.

"मी ग्लेन प्रॉसर," ग्लेन म्हणाला. "चौपन्न नंबरचा आजोबा."

पोरगं घाईघाईनं म्हणालं, "सर, तो बरा आहे का?"

"इस्पितळात आहे. जिवावरचं टळलं म्हणतात." ग्लेननं फोन दुसऱ्या कानाला धरला. "आता तो परत कधी खेळणार नाही."

शेजारी बसलेल्या एमिललाही पलीकडचा आवाज ऐकू येत होता. पोरगं शब्द जुळवत असावं. मग ते अगदी हळू म्हणालं, "बरं झालं, सर."

सबंध खोऱ्यात त्या दिवशी ग्लेन प्रॉसरला असं दुसरं कोणी म्हणालं नसतं, आणि दुसरं कोणी म्हणालं असतं तर त्यानं त्याची गचांडी धरली असती. तो फोन कानाला तसाच धरून बसला. "हो," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, "हो रे, बाळा." एमिलनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि पलीकडचं पोरगंही फोन न ठेवता थांबून राहिलं.