चार दोऱ्यांची चौकट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. माझ्यात फोटो नाही, काच नाही. फक्त चार काळे दोरे आहेत, दोन उभे, दोन आडवे. मला एका मॉनिटरचा मनापासून हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मला साळसूद समजणार नाही.

माझे मालक सिनेमाचे कॅमेरामन. लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझी काच फुटली, तेव्हा त्यांनी मला कामाला लावले आणि त्यांच्या बायकोने दोरे बांधून माझे नऊ चौकोन केले. कॅमेरा मांडण्याआधी मालक मला डोळ्यासमोर धरत आणि हाताखालच्यांना शिकवत, "माणूस मधोमध कोंबू नका. दोरे एकमेकांना कापतात तिथे डोळे येऊ द्या. तो जिकडे बघतोय तिकडे जागा सोडा. डोक्यावर थोडी हवा ठेवा, पण विहिरीत बसल्यासारखा दिसायला नको." सगळे माझ्यातून बघून माना डोलावत आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढत असे.

मग कॅमेऱ्यातले चित्र दाखवणारा मॉनिटर आला. बटण दाबले की त्याच्या पडद्यावर माझ्यासारख्याच चार रेघा उमटत, पण कशा लख्ख आणि सरळ! मी खिळ्यावर गेले, माझ्यावर मालकांची टोपी आली. त्याची बॅटरी उतरावी म्हणून मी रोज देवाला विनवी. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही, हेच खरे.

गेल्या महिन्यात मालकांच्या मुलीने आपल्या पहिल्या सिनेमाचा शेवटचा प्रसंग घरातच घेतला. त्यात तिची आईच काम करत होती. टेबलापाशी बसून, घर सोडून गेलेल्या मुलाची वाट बघायची, एवढेच. खिडकीतला उजेड अर्धा तास टिकणार होता आणि चित्र काही जमत नव्हते. डोळे अगदी रेघांच्या छेदावर होते, तरी आई वाट बघतेय असे वाटेना. मुलगी रडकुंडीला आली.

मालकांनी मला झटकून आणले. मला कोण आनंद झाला! मुलीने मला मॉनिटरच्या रेघांवर धरून पाहिले.

"बाबा, हिचा उजवा दोरा बोटभर सरकलाय."

"सरकला नाही, पहिल्यापासून तसाच आहे. तुझ्या आईने अंदाजाने बांधलाय."

"अहो, मग इतक्या वर्षांत बोलला नाहीत?" आई टेबलापाशी बसूनच म्हणाली.

"तू हौसेने बांधला होतास. आणि मी दोरा कुठे बघत होतो? माणूस बघायचो, मग कॅमेरा सरकवायचो."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतकी वर्षे मी मालकांच्या नजरेच्या जिवावर मिरवत होते.

मुलगी थोडा वेळ आईकडे नुसती बघत राहिली. मग तिने कॅमेरा असा वळवला, की आई पार कडेला गेली आणि तिच्या समोरची रिकामी खोली, दारापर्यंतची, चित्रभर पसरली. छेदावर कोणीच नव्हते. मुलीने बटण दाबून रेघा बंद केल्या. आई दाराकडे बघत होती. आता आमचीही नजर तिकडेच गेली.

"हं, घे आता," मालक हळूच म्हणाले.

वैऱ्याच्या रेघा गेल्या म्हणून मी खूश व्हायला हवे होते. पण मी आणखीच जळफळले. त्याला रेघा बाजूला सारून बघता येते. माझे दोरे मला सोडत नाहीत.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून झटकत जा. आमच्यातून बघायला शिका. पण शिकून झाले की आम्हाला खाली ठेवा आणि समोरच्या माणसाकडे बघा. मला वाईट वाटेल, फार वाटेल. तरीही ठेवा.