घुबडाचं गाणं

घरात माणूस आजारी असताना घुबडाचं नाव घेऊ नये, एवढी अक्कल माह्या नातीले नाई. दिव्यानी चंद्रपूरले नर्सिंग शिकते. तिथल्या मिशनच्या कॉलेजात देवाची माफी मागायचं जुनं स्तोत्र नव्या चालीत बसवून राह्यले. सगळ्या पोरी मिळून म्हणतात, पण चार सुरांत. हिच्या वाट्याले खालचा सूर आला. सुट्टीत घरी, सावली गावाले आली, अन् आबाजीच्या, म्हणजे माह्या मालकाच्या, खाटेपाशीच बसून घोकू लागली, "देवा, ओसाडातल्या घुबडासारखी मी झाले."

"काऊन वं, दुसरं पाखरू नाई भेटलं का तुमाले?" मी म्हटलं. "चूप बस."

ती चूप बसली. तवा खाटेवरून आवाज आला, "ऊं... ऊं..." तोच खालचा सूर.

लकवा झाल्यापासून या माणसाच्या तोंडून आवाज निघाला नव्हता. पह्यले तलावाच्या या पाळीवरून त्या पाळीवरच्या डोंग्यातल्या नावाड्याले हाक मारायचा. मी बोलली, रागावली, रडली, नारळ फोडले. मले त्यानं एक हुंकार दिला नाई.

"माह्यासंग म्हणा न जी," मी त्याचा हात धरला अन् सूर लावला. त्यानं तोंड भिताडाकडे फिरवलं.

दिव्यानी माह्याकडे पाहतच राह्यली.

"पाहतं काय? म्हण," मी तिले म्हटलं. "बसू दे त्या घुबडाले आपल्या घरावर. माहं तं इथी काईच चालत नाई."